मलेरियावाल्या काकांचं कासव

रांगेत चार म्हशी, दोन बैल आणि एक शेळी होती. शेळीच्या मागे एक माणूस उभा होता आणि त्याच्या हातात स्टीलचा डबा होता. मला वाटलं, शेणाचा नमुना असेल. शेण तपासायला लोक कशातही आणतात. एकाने तर पोराच्या शाळेच्या डब्यात आणलं होतं. म्हणून झाकण उघडायच्या आधीच मी म्हणाले, "टेबलावर नको, खाली ठेवा."

त्यांनी डबा टेबलावरच ठेवला आणि झाकण काढलं. आत दोन बोटं पाणी होतं आणि पाण्यात अर्ध्या लिंबाएवढं कासव.

"खाईना झालंय," ते म्हणाले.

मी अहमदपूरच्या सरकारी जनावरांच्या दवाखान्यात डॉक्टर आहे. नोकरीच्या सव्वीस वर्षांत अडलेल्या म्हशी, पोट फुगलेले बैल, साप चावलेली कुत्री, एकदा वरातीतून लंगडत आलेला घोडा, असं बरंच काही हाताखालून गेलं. कासव गेलं नव्हतं. कॉलेजात कासवावर एक तास झाला होता म्हणतात. त्या तासाला मी नांदेडला घरी पळाले होते.

डबा आणणाऱ्या माणसाला मात्र मी ओळखत होते. गावात त्यांना न ओळखणारं कोणी नाही. माणिकराव, हिवताप विभागातून रिटायर झालेले कर्मचारी. लहानथोर सगळे त्यांना मलेरियावाले काका म्हणतात. आमच्याकडे नळाला आठ-दहा दिवसांनी पाणी येतं, त्यामुळे घरोघरी ड्रम, पिंप, टाक्या भरून ठेवलेल्या असतात. साठवलेल्या पाण्यात डास अंडी घालतो, अंड्याची अळी होते आणि अळीचा पुन्हा डास. काकांचं काम एवढंच, की बॅटरी घेऊन प्रत्येक घरातलं प्रत्येक भांडं बघायचं आणि अळी दिसली की ओतून द्यायचं. आठवड्यातून एक दिवस सगळी भांडी रिकामी करून वाळवायची, त्याला ते कोरडा दिवस म्हणत. आमच्याकडे तो शुक्रवारी. रिटायर झाल्यावरही शुक्रवारी ते गल्लोगल्ली हिंडायचे. दहा दिवसांनी आलेलं पाणी कुणी ओतून दिलं तर बाया काय बोलतात, ते इथे लिहिण्यासारखं नाही. काका ते ऐकून घ्यायचे, भिंतीवर खडूने तारीख टाकायचे आणि पुढच्या घरी जायचे.

त्यांच्या पत्नी, शकुंतलाबाई, वारल्याचं मला कळलं होतं. भेटायला जायचं राहून गेलं. लसीकरण चालू होतं, हे एक कारण. दुसरं कारण असं, की दुःखाच्या घरी काय बोलायचं ते मला येत नाही.

मी कासव तळहातावर घेतलं. डोळ्यामागे लाल पट्टा होता. आपल्याकडची नदी-विहिरीतली कासवं घरात ठेवणं कायद्याने गुन्हा आहे, म्हणून आधी जात बघावी लागते. हे लाल पट्ट्याचं परदेशी, माशांच्या दुकानात मिळतं तसलं. पाठ टणक होती. नाकातून फुगे येत नव्हते. डोळे उघडे होते, पण खोल गेलेले. पाय ओढले तर आत घेत होतं, पण सावकाश, कंटाळल्यासारखं.

"कधीपासून खात नाही?"

"ती गेल्यापासून. तीन आठवडे झाले. मरू देऊ नका मॅडम."

मी म्हणाले, बघू. आमच्या धंद्यात 'बघू' म्हणजे आशा कमी आहे. काकांना ते कळलं असावं, कारण ते उठेनात. म्हशीवाले मागून कुरकुर करू लागले तेव्हा बाजूच्या बाकावर जाऊन बसले, डबा मांडीवर घेऊन.

तेवढ्यात लातूरहून साहेबांचा फोन आला. लाळ्या-खुरकूत लसीचं टार्गेट कुठवर आलं, ते विचारायला.

"दोन गावं राहिली सर."

"मग दवाखान्यात काय करताय?"

"पेशंट आहेत. एक कासव पण आहे."

"कासवाला लस आहे का आपल्याकडे?"

"नाही सर."

"टॅग मारता येतो का?" म्हणजे जनावराच्या कानात मारतात तो पिवळा बिल्ला.

"त्याला कान दिसत नाहीत सर."

"मग ते आपलं काम नाही," साहेब म्हणाले आणि फोन ठेवला. माणूस वाईट नाही, पण आकडा नसलेलं काहीही त्यांना दिसत नाही. मी रजिस्टरला 'इतर' या रकान्यात एक रेघ मारली.

दुपारी रांग संपली तरी काका बसलेलेच. मी चहा मागवला आणि विचारलं, एका कासवासाठी एवढा जीव का टाकताय? तेव्हा त्यांनी सांगितलं.

शकुंतलाबाई दिवाळीच्या आधी गुडघे दाखवायला लातूरला गेल्या होत्या. परत येताना बसस्टँडजवळच्या दुकानातून हे घेऊन आल्या. काका चिडले. घरात पाणी साठवायला नको म्हणून जन्मभर लोकांच्या मागे लागलेला मी, आणि माझ्याच घरात डबकं, असं बोलले. नंतरही त्यांनी कासवाच्या टबाकडे कधी धड बघितलं नाही. दीड महिन्याने शकुंतलाबाई सकाळी चहा ठेवताना बसल्या त्या उठल्या नाहीत.

दहाव्या दिवशी तळ्याच्या काठी पिंड ठेवला. कावळा शिवेना. आपल्याकडे कावळा पिंडाला शिवला नाही तर म्हणतात, गेलेल्याची इच्छा राहिली. मग एकेकाने पुढे होऊन वचन द्यायचं. मुलगी हैदराबादहून आली होती, तिने सांगितलं, बाबांना एकटं ठेवणार नाही. मेव्हण्याने सांगितलं, तुझ्या मोठ्या भाचीचं लग्न थाटात करू. आजूबाजूच्या झाडांवर कावळे होते, पण एकही खाली येईना. ऊन चढलं. गुरुजी दर्भाचा कावळा वळायला बसले. तेव्हा काका पुढे गेले.

"काय बोलावं त्ये सुचना गेलं बघा. तोंडातून निघालं, तुझं कासव सांभाळतो, मरू देत न्हाई. मागं सरलो न्हाई तवर कावळा आला." काकांनी कप खाली ठेवला. "विज्ञानातलं काम केलेला माणूस हाय मी. पर आला मॅडम. सगळ्यायनं बघितलं."

मी हसले नाही. आईच्या दहाव्याला नांदेडला गोदावरीच्या घाटावर मी दोन तास उभी होते. मागून कुणीतरी कानात म्हणालं, 'लग्न करते म्हण, लगेच शिवेल.' मी म्हटलं नाही. शेवटी दर्भाचा कावळा करून शिववला. त्याला आता नऊ वर्षं झाली. नांदेडचं घर तेव्हापासून कुलूप लावून आहे आणि मी अहमदपुरात दोन खोल्यांत राहते.

एकंदरीत केस अशी होती. कासव मेलं तर काकांचं बायकोला दिलेलं शेवटचं वचन मोडणार होतं, आणि डॉक्टरला कासवातलं काही कळत नव्हतं.

माझी एक मैत्रीण, हेमा, पुण्यात कुत्र्या-मांजरांचा दवाखाना चालवते. तिच्याकडे कासवं येतात. मी फोन केला. तिने पहिला प्रश्न केला, "पाणी किती गरम आहे?"

आमचा थर्मामीटर जनावराच्या तापाचा, त्याचे आकडेच शरीराच्या तापमानापासून सुरू होतात. गार पाण्यात त्याचा उपयोग शून्य. पण कृत्रिम रेतनासाठी आमच्याकडे दुसरा एक असतो. रेताच्या कांड्या बर्फाहूनही गार ठेवलेल्या असतात, त्या कोमट पाण्यात सोडून वितळवाव्या लागतात, आणि त्या पाण्याचं माप घ्यायला हा थर्मामीटर. तो डब्यात बुडवला. पाणी एकोणीस अंशांवर होतं.

हेमा म्हणाली, कासवाचं अंग बाहेरच्या हवेइतकंच गरम असतं. गारठ्यात त्याला भूक लागत नाही आणि खाल्लेलं पचतही नाही. आधी ऊब दे, मग जेवण वाढ.

शकुंतलाबाईंनी टब ओट्यावर, खिडकीच्या उन्हात ठेवला होता. दिवसकार्याच्या गर्दीत पाहुण्यांची पोरं कासव बोटाने उलटंपालटं करत, म्हणून काकांनी तो उचलून मागच्या न्हाणीघरात ठेवला. डिसेंबर महिना, वर पत्रा. मी एका कोंबडीवाल्याकडून पिल्लांना ऊब देणारा पिवळा बल्ब मागून आणला. टब पुन्हा ओट्यावर गेला. त्यात एक चपटा दगड, दगडावर हातभर उंचीवर बल्ब. दोन दिवसांत कासव दगडावर चढून मान लांब करून बसायला लागलं. काकांनी फोन करून ते मला तीनदा सांगितलं.

खाणं मात्र नाही. दुकानातले दाणे टाकले की फुगून तळाला जायचे आणि पाणी वास मारायचं. मग मी अक्कल चालवली आणि उकडलेल्या अंड्याचा बलक टाकायला सांगितला. पाणी पांढरं झालं, कासव दगडामागे जाऊन बसलं. हेमाने फोनवर माझी हजेरी घेतली. चिमट्याने तोंड उघडून भरवू का, असं विचारल्यावर तर ती ओरडलीच. एवढ्या जीवाचा जबडा मोडायला वेळ लागत नाही म्हणाली. "हलणारं, जिवंत काहीतरी दे. आणि त्याच्या डोक्यावर उभं राहू नका. पिल्लू आहे ते. वरून सावली पडली की त्याला वाटतं, पक्षी आला उचलायला."

त्या दिवशी संध्याकाळी ड्युटी संपवून मी काकांच्या घरी गेले. दार उघडंच होतं. स्वयंपाकघरात काका ओट्याला टेकून उभे होते, टबावर वाकून, हात जोडून. कासवाशी बोलत होते.

"खा बाबा. मला खोटं पाडू नको. तिच्यापुढं खायचास की."

कासवाने मान आत ओढून घेतली होती. ज्या कावळ्यासाठी काकांनी वचन दिलं, तोच कावळा बनून ते रोज चार-चार तास कासवाच्या डोक्यावर उभे राहत होते. मी त्यांना हाताला धरून बाजूला केलं आणि सावलीचं सांगितलं. ते घाबरून पार दारापर्यंत मागे सरले.

ओट्यावर कपबशी होती आणि खारीचा पुडा. दुसरं काही शिजल्याची खूण नव्हती. मुलगी तेराव्यानंतर हैदराबादला परत गेली होती. ती 'चला' म्हणत होती, काका म्हणाले, कासव एवढ्या लांब कसं न्यायचं? मी विचारलं, जेवता काय तुम्ही? ते म्हणाले, चालून राहिलंय.

त्यांची हाडं वर आलेली बघून मला माझाच राग आला. आठ दिवस मी अर्ध्या लिंबाएवढ्या जीवाची तब्येत बघत होते. डबा धरणाऱ्याकडे बघितलंच नव्हतं. आणि त्याच रागात मला दुसरी चूकही दिसली.

आमच्या धंद्यात पहिला धडा हिस्टरीचा. जनावर बोलत नाही, म्हणून मालकाला विचारायचं. काय खातं, किती खातं, बंद कधीपासून. मी काकांना 'बंद कधीपासून' विचारलं होतं. 'काय खात होतं' हे विचारलंच नव्हतं. दाण्याचा डबा समोर दिसत होता, म्हणून दाणे खात असेल असं धरून चालले होते.

"काका, काकू त्याला काय घालायच्या?"

"ह्येच की. दाणे."

"तुम्ही बघितलं घालताना?"

त्यांनी फळीवरचा डबा खाली काढला, झाकण फिरवलं. डबा जवळजवळ भरलेला. 

"ह्येचं सील तर म्याच तोडलं," ते म्हणाले. "तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी."

म्हणजे दीड महिना कासव वाढत होतं आणि दाण्याच्या डब्याला कुणी हात लावलेला नव्हता.

आम्ही घर शोधायला लागलो. डब्यांत, फडताळात, फ्रिजमध्ये काही नव्हतं. मागच्या दाराने अंगणात आलो. मोरीच्या मागे भिंतीला एक खिळा, त्याला चहाची जुनी गाळणी लटकवलेली. गाळणीचा दांडा लाकडाची काडी बांधून हातभर लांब केलेला. मी ती खिळ्यावरून काढली. चहाच्या गाळणीला एवढा लांब दांडा कशाला लागतो?

काकांनी ती माझ्या हातातून घेतली आणि धुण्याच्या दगडावर बसले.

"इथं एक बादली होती," ते सावकाश म्हणाले. "निळी. सरपणामागं. तिसऱ्या दिवशी सावडून आलो आन् सगळं घर झाडून काढलं तवा दिसली. वरून तिच्या पोलक्याचं कापड बांधलेलं. सोडून बघितलं तर अळ्याच अळ्या. एडिसच्या."

एडिस म्हणजे डेंग्यूचा डास. पाण्यात अळी कशी लटकते ते बघून काका डासाची जात सांगतात.

"मग?"

"मग काय. ओतून दिल्या. मनात म्हणलं, बाईनं शेवटी शेवटी घराकडं बघायचं सोडलंच होतं. तिसऱ्या दिवशी, मॅडम. तिची राख गरम होती आन् म्या तिला आळशी म्हणलो."

ती गोष्ट आता आम्हा दोघांनाही कळली होती. ज्या माणसाने सगळ्या तालुक्यातले ड्रम उलथून टाकले, त्याच्या घरात, त्याच्या न्हाणीघरापासून दहा पावलांवर, त्याची बायको कासवासाठी डासाच्या अळ्या वाढवत होती. आणि नीट वाढवत होती. डास उडून बाहेर जाऊ नयेत म्हणून वर कापड बांधायची. तीस वर्षं नवऱ्याचं बोलणं ऐकून तिला त्यातलं सगळं येत होतं.

"मला सांगायला काय झालं होतं तिला?" काका म्हणाले.

"सांगितलं असतं तर तुम्ही काय केलं असतं?"

त्यांनी गाळणी उलटसुलट करून बघितली. "ओतून दिलं असतं," ते म्हणाले.

मग ते रडले. मी शेजारी उभी राहिले. अशा वेळी पाठीवर हात ठेवतात, हे मला माहीत आहे. मी नळाकडे बघत राहिले. माणसाच्या पाठीवर हात ठेवायचा सराव राहिलेला नाही.

इलाज तर सापडला, पण अळ्या कुठून आणायच्या? नव्या बादलीत डास येऊन अंडी घालणार, मग अळी मोठी होणार, आठवडा कुठे गेला नाही. कासवाकडे आठवडा होता की नाही, याची खात्री हेमालाही नव्हती. मी म्हणाले, काका, या गावात अळी कुठे असते हे तुमच्याइतकं कुणाला ठाऊक आहे? त्यांनी डोळे पुसले. पहिल्यांदाच त्यांच्या चेहऱ्यावर कामाचा माणूस दिसला.

सकाळी साडेआठला ते गाळणी आणि डबा घेऊन निघाले. नेमका शुक्रवार होता. साडेअकराला ते दवाखान्यात आले तेव्हा डबा रिकामा होता.

झालं असं, की काका गल्लीच्या तोंडाशी दिसले आणि आतून भराभर ड्रम उलथल्याचे आवाज सुरू झाले. बायको गेल्यापासून महिनाभर ते फिरकले नव्हते, त्यामुळे लोक बिनघोर होते. आज अचानक समोर बघून सगळ्यांची धांदल उडाली. काका दारात जाऊन म्हणायचे, 'ओतू नका, मला अळ्या पाहिजेत.' लोकांना ते नवीन सापळ्यासारखं वाटायचं. एका बाईने तर शपथेवर सांगितलं, काका, आमच्याकडे मुंगीसुद्धा नाही. तिच्या पायाशी ओतलेल्या पाण्यात अळ्या वळवळत होत्या.

"तीस वर्षं सांगितलं तवा कुणी ऐकलं न्हाई," काका म्हणाले. "आज समदे ऐकले."

मला हसू आलं, त्यांनाही थोडं आलं. मग ते गंभीर झाले आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "मॅडम, राग धरू नका. तुमच्या घरी बघू का?"

मला राग आलाच. मी डॉक्टर आहे, अंगणात कचरा नाही, भांडी लख्ख असतात. पण दुपारच्या सुट्टीत त्यांना घरी घेऊन गेले. न्हाणीघरातल्या मोठ्या ड्रमवरची फळी त्यांनी सरकवली, बॅटरी मारली आणि मला खुणेने जवळ बोलावलं. मीही वाकून बघितलं. पाणी वरपासून खालपर्यंत हलत होतं.

एकट्या माणसाचं पाणी संपत नाही. शेजारी पाच माणसं आहेत, त्यांचा ड्रम चौथ्या दिवशी तळ गाठतो. माझ्या ड्रममधून रोज एक बादली निघते, पुढचं पाणी आलं की वरून भरायचा, खालचं खालीच. किती दिवसांचं पाणी होतं ते, देव जाणे. मी मान खाली घालून बोलणी खायची वाट बघत होते.

"लई मस्त हायत," काका म्हणाले आणि गाळणी मारली.

त्यांच्या घरी आम्ही टबात पंधरा-वीस अळ्या सोडल्या आणि दाराआड जाऊन उभे राहिलो. दुपारचं ऊन ओट्यावर आलं होतं. कासव दगडावर होतं. अळ्या पाण्यात वर-खाली करत होत्या. दहा मिनिटं झाली. काका श्वास घेत होते की नाही, कळत नव्हतं. कासवाने मान बाहेर काढली आणि एका बाजूला कलती केली. मग दगडावरून घसरून पाण्यात गेलं. एक अळी त्याच्या नाकासमोरून गेली, ती त्याने जाऊ दिली. दुसरीही गेली. तिसरी गेली नाही.

काका बोटांवर मोजत होते. अकरावर थांबले आणि दाराच्या चौकटीला टेकून खाली बसले.

"भूक लागलीय मॅडम," ते म्हणाले.

माझा मेसचा डबा सायकलीला लटकत होता. दोन भाकरी, वांग्याची भाजी. आम्ही दोघांनी ते अर्धं अर्धं खाल्लं.  मला आठवेना, मी याआधी कुणाबरोबर बसून कधी जेवले होते.

कासव आता तळहाताएवढं झालंय. मोठं झाल्यावर ते दाणेही खायला लागलं आणि पालकाचं पानही. कंटाळा आला तरी तळ्यात सोडायचं नाही, इथल्या कासवांच्या तोंडचं पळवेल, एवढं मी काकांना बजावून ठेवलंय. काकांनी सरपणामागे पुन्हा बादली ठेवली आहे, कापड बांधून. मधे आरोग्य खात्याची नवीन मुलगी तपासणीला आली, तिने ती बादली शोधून काढली आणि काकांना बरंच सुनावलं. तुम्हीच असं केलं तर लोकांनी काय करायचं, असं विचारलं. काकांनी खाली मान घालून ऐकून घेतलं. नंतर मला म्हणाले, "पोरगी हुशार हाय. सरपणामागं कुणी बघत न्हाई, तिनं बघितलं. म्या बघितलं न्हाई."

लसीचं टार्गेट त्या महिन्यात राहिलं. साहेबांनी कारण विचारलं तर मी लेखी दिलं, 'इतर'.

एक गोष्ट मी त्या केसनंतर बदलली. केसपेपरवर जनावराच्या मालकाचं नाव लिहायला रकाना आहे, त्याला खाऊ घालणाऱ्याचं नाव लिहायला नाही. आता म्हैस घेऊन आलेल्या माणसाला मी आधी विचारते, वैरण कोण टाकतं? बहुतेक वेळा तो गडबडतो आणि सांगतो, घरची टाकते. मग मी म्हणते, तिला फोन लावा. निम्मी दुखणी त्या फोनवरच कळतात. डॉक्टरने हे लवकर शिकलेलं बरं, कारण सांगणारी माणसं कायम घरात राहत नाहीत.

माझ्या ड्रममधलं पाणी अजून साचतंच. दर शुक्रवारी सकाळी काका येतात, आधी गाळणी मारून कासवाचं आठवड्याचं गोडधोड काढून घेतात, मग ड्रम ओतून, घासून, उपडा घालतात. दोन-चार शब्द बोलणी देतात. मी ती ऐकून घेते आणि चहा टाकते. ड्रम झाकायला जाळी मिळते, बाजारात जाऊन आणायला दहा मिनिटं लागतील. मी आणलेली नाही. का आणलेली नाही, हे काकांना सांगितलेलं नाही.